सड्याखालचं पाणी, सुनावणीचा कागद

[दृश्य: पावसाळ्यातला सडा, उघडा जांभा, खळग्यांत साठलेलं पाणी]

शाहूवाडी, राधानगरी, चंदगड. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरमाथे असे सपाट आहेत, त्यांनाच सडा म्हणतात. खाणीच्या अहवालात अशा जमिनीला बहुतेकदा 'पडीक' म्हटलेलं असतं. जांभ्याच्या खाली बॉक्साइट आहे. एक टन ॲल्युमिनियम मिळवायला साधारण चार ते पाच टन बॉक्साइट लागतं.

जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खाली चिकण मातीचा थर लागला की आडवा सरकतो आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. त्याच झऱ्यावर खालच्या वाडीची नळपाणी योजना आणि भाताची खाचरं. खाण नेमका हा मुरवणारा थर उचलते. वर रचलेली माती नीट अडवली नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात ती खाचरात उतरते.

[दृश्य: ग्रामपंचायतीची भिंत, चिकटवलेली नोटीस]

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार तिच्या किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत नोटीस यावी लागते. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा मसुदा अहवाल बघायला जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. जाडजूड अहवाल इंग्रजीत. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो वाटून घ्यावा: पाण्याचं प्रकरण एकाकडे, वनस्पती-प्राण्यांचं दुसरीकडे, डंपरच्या वाहतुकीचं तिसरीकडे.

पहिल्यांदा बघायचं, मोजणी कुठल्या महिन्यात झाली. खाणीच्या अहवालासाठी साधारणपणे पावसाळा सोडून एकाच हंगामाची आकडेवारी घेतात. एप्रिलमध्ये सड्यावर गेलेल्या माणसाला काय दिसणार? तिथली फुलं पावसाळ्यात चार महिने असतात, झराही तेव्हाच जोरात असतो. हरकतीचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथंच सापडतो. पण तो नुसता बोलून चालत नाही, आकडा लागतो.

[दृश्य: झरा, बादली, मोबाइलवरचं घड्याळ]

दहा लिटरची बादली झऱ्याखाली धरा. भरायला 40 सेकंद लागले, तर मिनिटाला 15 लिटर पाणी. ऑक्टोबर ते मे, दर पंधरवड्याला, त्याच जागी मोजायचं. वहीत तारीख, गट नंबर, किती कुटुंबं हे पाणी भरतात. फोटोत ठिकाण आणि वेळ यावी. गट नंबर नसलेला फोटो अधिकारी बाजूला ठेवतात, आणि कागदाच्या हिशेबानं त्यांचं चूकही नसतं.

प्रत्येक हरकतीत अहवालाचं पान लिहा. 'खाण नको' एवढ्याच मजकुराचे 500 अर्ज आले तरी कंपनी त्यांना एका ओळीत उत्तर देते. 'पान अमुकवर झऱ्याची नोंदच नाही, ही आमची आठ महिन्यांची वही' याला तसं उत्तर देता येत नाही. अर्ज सुनावणी घेणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच द्या, पोच घ्या.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गावानं बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं; हे अनेकांना नंतर कळतं. चित्रीकरण बंधनकारक आहे. शेवटी मांडलेले मुद्दे तिथंच मराठीत वाचून दाखवावे लागतात. तोवर कुणी उठायचं नाही. सुटलेला मुद्दा तिथल्या तिथं घालून घ्यायचा. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणीच करायची नाही.

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे, तिथं गावाचा नकार बंधनकारक ठरत नाही. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा, 2006 आहे; त्याच्या आधारे ग्रामसभा आपला हक्क सांगू शकते. ओडिशातल्या नियमगिरीतही प्रश्न बॉक्साइटचाच होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर तिथल्या 12 ग्रामसभांनी खाण नाकारली आणि ती झाली नाही. देवराई, चराई, पाणवठे यांचे सामूहिक दावे खाणीचा प्रस्ताव येण्याआधीच दाखल केलेले बरे. प्रस्ताव आल्यावर धावपळ होते आणि नकाशे चुकतात.

[दृश्य: कार्यालयाची आवक खिडकी]

मंजुरी मिळालीच, तर 30 दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं. आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून परिवेश, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्या जिथं टाकल्या जातात ते सरकारी संकेतस्थळ, दर आठवड्याला बघणारा एक माणूस गावानं आधीच ठरवून ठेवावा.