फाइल डिलीट केली म्हणजे सुटलो, असं नसतं

बाकीचे बरेच व्हायरस निदान आपलं तोंड दाखवतात हो. रॅन्समवेअर फाइल्स लॉक करतं आणि स्क्रीनवर पैसे मागतं, अॅडवेअर जाहिराती फेकत बसतं, काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कळतं तरी. बॅकडोअरचं, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला कुणीतरी गुपचूप पाडलेल्या मागच्या दाराचं, तसं नाही. त्याचं सगळं कसब कळू न देण्यात आहे. कॉम्प्युटर नीट चालू आहे, स्लो नाही, पॉपअप नाही, आणि तरी कुणीतरी तिसराच माणूस तुमचा पासवर्ड न टाकता वाटेल तेव्हा आत येऊन फाइल्स बघतोय, काय टाइप करताय ते वाचतोय, स्क्रीनचे फोटो काढतोय. कधीकधी तो काहीच करत नाही, नुसती ही एंट्री दुसऱ्याला विकतो, आणि खरं नुकसान तो दुसरा करतो. म्हणून "माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे चोरण्यासारखं" हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं पण त्याला काही अर्थ नाही, त्यांना आधी कॉम्प्युटर हवा असतो, त्याचं काय करायचं ते नंतर ठरतं.

थोडं मागे जाऊ. १९९८ मध्ये कल्ट ऑफ द डेड काऊ नावाच्या हॅकर ग्रुपने डेफकॉन या हॅकर संमेलनात बॅक ओरिफिस नावाचं टूल सगळ्यांसमोर आणलं, विंडोज ९५ आणि ९८ साठी. त्याच वर्षी त्याच जातीचं नेटबस आलं, मग १९९९ मध्ये सबसेव्हन. ही मंडळी सरळसोट होती, तुमच्या मशीनवर एक पोर्ट, म्हणजे नेटवर्कचा नंबर दिलेला दरवाजा, उघडून वाट बघत बसायची, बॅक ओरिफिसचा ठरलेला पोर्ट ३१३३७, आणि बाहेरचा माणूस त्या पोर्टवर येऊन आत शिरायचा. पुढे घरोघरी राउटर आले, विंडोजमध्येच फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, आला, बाहेरून येणारं कनेक्शन अडायला लागलं. मग बॅकडोअर बनवणाऱ्यांनी काय केलं, दिशाच उलटी केली. आता तुमचाच कॉम्प्युटर बाहेर फोन लावतो. आतून बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला फायरवॉल सहसा काही विचारत नाही, त्यात पोर्ट ४४३, म्हणजे ज्यावरून ब्राउझर बहुतेक वेबसाइट्स उघडतो तोच, आणि सगळं एन्क्रिप्टेड. दर काही मिनिटांनी किंवा तासांनी, मुद्दाम थोडं मागेपुढे करून, आत बसलेला बॅकडोअर बाहेरच्या सर्व्हरला विचारतो की मी जागा आहे, काही काम आहे का. काम नसलं की परत गप्प.

आता हे आत येतं कसं. बहुतेक वेळा आपणच आणतो, वाईट वाटून घेऊ नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा सगळ्यात जुना आणि अजूनही जोरात चालणारा रस्ता. त्याच्यासोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आधी अँटीव्हायरस बंद करा, आणि आपण करतो पण! वर ते सॉफ्टवेअर खरंच चालतं, म्हणून संशय येत नाही. मग मेलमधले अटॅचमेंट. विंडोज मुळातच फाइलचं एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' तुम्हाला 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ' एवढंच दिसतं, त्यावर आयकॉनही पीडीएफचा चिकटवलेला. ते एक्स्टेंशन दाखवायचं सेटिंग आजच चालू करा, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये आहे. वर्ड-एक्सेलच्या मॅक्रोमधून, म्हणजे फाइलच्या आत लपलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, पूर्वी भरपूर यायचं, २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइल्समधले मॅक्रो डिफॉल्टने ब्लॉक करायला सुरुवात केली, तर ही मंडळी लगेच पासवर्डवाल्या झिप, आयएसओ (डिस्कची नक्कल असलेली फाइल) आणि शॉर्टकट फाइल्सकडे वळली.

पण गेल्या काही वर्षांतला जो प्रकार आहे ना, तो जरा नीट बघा, कारण त्यात फाइल उघडायचा प्रश्नच नाही. एक पेज उघडतं, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा'. तुम्ही चौकटीवर क्लिक करता. मग ते सांगतं, विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. क्लिक केलं त्या क्षणी पेजने तुमच्या क्लिपबोर्डवर पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला थेट हुकूम देणाऱ्या टूलची, एक कमांड गुपचूप टाकलेली असते. विंडोज की आणि आरने उघडणारा रनचा बॉक्स छोटा, कमांड लांबलचक, आणि तिच्या शेवटी कमेंट म्हणून 'मी रोबोट नाही, व्हेरिफिकेशन आयडी अमुक' असं चिकटवलेलं असतं, त्यामुळे बॉक्समध्ये तेवढंच शेपूट दिसतं. एंटर दाबलं की खेळ संपला. अँटीव्हायरसच्या दृष्टीने तर कॉम्प्युटरच्या मालकाने स्वतःच्या हाताने कमांड दिलीये. कुठलाही खरा कॅप्चा तुम्हाला रन बॉक्स उघडायला सांगत नाही, कधीच नाही.

काही वेळा आपली चूक नसतेही. एप्रिल २०१७ मध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या हॅकर गटाने जी टूल्स लीक केली त्यात विंडोजमधल्या त्रुटीतून आत शिरणारं इटर्नलब्लू होतं आणि डबलपल्सर नावाचा बॅकडोअर होता, न पॅच केलेलं विंडोज नेटवर्कवर दिसलं की बास, क्लिकसुद्धा लागत नव्हतं. पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता बरं का, तरी मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातलाच, कारण लोक अपडेट पुढे ढकलत बसतात. त्याच वर्षी सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ व्हर्जनमध्ये बॅकडोअर निघाला, अधिकृत साइटवरून डाउनलोड, कंपनीची डिजिटल सहीसुद्धा खरी, आणि ते २२ लाखांहून जास्त मशीनवर गेलं. आणि लिनक्सवाले मनातल्या मनात हसत असतील तर मार्च २०२४ आठवा, एक्सझेड युटिल्स, म्हणजे लिनक्समधलं फाइल्स लहान करणारं टूल, त्यात पेरलेला बॅकडोअर. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीत, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद उशीर होतोय असं दिसलं, त्याने खणून काढलं, नाहीतर ते गपचूप लिनक्सच्या मोठ्या डिस्ट्रोच्या (तयार लिनक्सच्या) नेहमीच्या व्हर्जनमध्ये पोचलं असतं. अर्धा सेकंद! आपण दोन मिनिटं हँग झालं तरी चहा घेऊन येतो.

आता काढायचं कसं, आणि इथेच सगळे चुकतात. अँटीव्हायरसने एक फाइल दाखवली, डिलीट केली, झालं, असं समजतात. अहो, फाइल हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. आत आल्यावर बॅकडोअर पहिलं काम हे करतो की रीस्टार्टनंतर आपण परत कसे उठू याची सोय लावतो. रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीच्या) रन की मध्ये एंट्री, स्टार्टअप फोल्डर, एखादी सर्व्हिस, टास्क शेड्युलर, अगदी डब्ल्यूएमआय नावाच्या विंडोजच्या आतल्या यंत्रणेतसुद्धा. जोडीला विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजन (स्कॅनमधून वगळायच्या) यादीत आपला फोल्डर घालून ठेवतो, म्हणजे स्कॅन तिकडे फिरकतच नाही. ती यादी उघडून बघा, तुम्ही न घातलेलं काही तिथे असेल तर समजून जा.

नुसता संशय असेल तेव्हा शोधायचं असं. ब्राउझर वगैरे सगळं बंद करा, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, स्पेस, डॅश ए एन ओ. कोण बाहेर बोलतंय ते येतं आणि शेवटच्या कॉलममध्ये त्याचा पीआयडी, म्हणजे त्या प्रोग्रॅमचा नंबर. तो नंबर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये शोधा आणि राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते उघडा. नाव एसव्हीसीहोस्ट (विंडोजचीच एक नेहमीची प्रोसेस) आहे, पण जागा विंडोजच्या सिस्टम३२ ऐवजी युजरच्या अॅपडेटामध्ये? तर ते विंडोजचं नाहीच. मात्र काही बॅकडोअर खऱ्या प्रोसेसच्या पोटात शिरतात, तेव्हा नाव आणि जागा दोन्ही स्वच्छ दिसणार, म्हणजे इथे काही सापडलं नाही तर लगेच निर्धास्त होऊ नका. मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्स टूल्समधलं ऑटोरन्स, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं, फुकट आहे, ते चालवा, मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवा, मग जे उरतं ते एकेक वाचा. मला तिथे हमखास संशयास्पद वाटतं ते म्हणजे 'ब्राउझर अपडेट' टाइप नावाचं शेड्युल्ड टास्क, ज्याची अॅक्शन कुठली ईएक्सई नाही तर पॉवरशेल आहे आणि पुढे दोन-तीन ओळींचा अर्थहीन अक्षरांचा पट्टा. तुम्ही फाइल कितीही वेळा डिलीट करा, हे टास्क ठरल्या वेळी उठून नवी फाइल उतरवून घेतं.

खात्री झाली की मात्र शोधत बसू नका, आधी नेट काढा. वायफाय बंद, केबल बाहेर. आणि त्या कॉम्प्युटरवर बसून घाईघाईत पासवर्ड बदलू नका, तो नवा पासवर्डही तिकडे टाइप होताच पोचेल. फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बदला, सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात. आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' दाबा, कारण ब्राउझरमधल्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे सांगणाऱ्या खुणा) चोरल्या असतील तर त्याला पासवर्डची गरजच नाही, टू-फॅक्टरही आडवं येत नाही. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा नियम कुणी घातलाय का तेही बघा.

मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. हा विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, पंधराएक मिनिटं लागतात, आणि बॅकडोअर तेव्हा जागा नसल्यामुळे सहजासहजी लपू शकत नाही. ऑटोरन्समध्ये संशयित एंट्री आधी नुसती अनटिक करा, रीस्टार्ट करून बघा, मग डिलीट. सिस्टम रीस्टोरवर भिस्त ठेवू नका. एवढं सगळं सांगूनही माझं मत विचाराल तर अॅडमिन परवानगीने काही चाललं असेल तर फॉरमॅट करा, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून. कारण आत बसलेल्याने अजून काय काय पेरून ठेवलंय हे तुम्ही शोधून संपवू शकत नाही. डॉक्युमेंट, फोटो बॅकअप घ्या, सेटअप आणि ईएक्सई एकही घेऊ नका. आणि नवीन विंडोजवर तोच क्रॅक परत टाकू नका, हसू नका, लोक टाकतात.

आता कुणी विचारेल की फॉरमॅट करूनही राहू शकतं का. राहू शकतं, २०१८ मध्ये इसेट या अँटीव्हायरस कंपनीने लोजॅक्स शोधलं ते मदरबोर्डच्या यूईएफआयमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच, बसायचं, हार्डडिस्क बदलली तरी जायचं नाही. पण ते सरकारी संस्थांवर नेम धरून केलेलं होतं, तुमच्या-माझ्यासारख्याच्या वाट्याला सहसा येत नाही, त्याच्या धास्तीने मदरबोर्ड फेकू नका. दुसरा प्रश्न ऑफिसच्या लॅपटॉपचा. तिथे यातलं काहीच स्वतः करू नका, स्कॅन नको, डिलीट नको, बंदही करू नका, कारण बंद केलं की मेमरीतला पुरावा जातो. फक्त नेटवर्क काढा आणि आयटीवाल्यांना लगेच फोन करा, फोन करा म्हणतोय, त्याच लॅपटॉपवरून मेल नाही.