ईमेलच्या पत्त्याला गाळणी किती बारीक?

फॉर्म बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ईमेल तपासायचा रेगेक्स, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, मजकूर ठरलेल्या साच्यात (पॅटर्नमध्ये) बसतो का ते बघणारं सूत्र, कुठून तरी उचलून चिकटवलेला असतो. हसू नका, या सभागृहातल्या निम्म्यांचे फॉर्म अजून त्यावरच चाललेत. त्याच्या अटी साधारण अशा: आधी ए ते झेड, आकडे, टिंब, अंडरस्कोर, डॅश. मग @. मग डोमेन, टिंब आणि शेवटी दोन ते चार अक्षरं.

ही शेवटची अटच बघा. डॉट कॉम बसतं, डॉट इन बसतं. डॉट म्युझियम 2001पासून आहे, पण सहा अक्षरी, म्हणून बाद. पुढे डॉट फोटोग्राफीसारख्या नावांची रांगच लागली. आणि पहिल्या अटीत + नाही. जीमेलवर नावापुढे + लावून काहीही लिहिलं, तरी पत्र त्याच खात्यात येतं; कुणी ‘+वीजबिल’ लिहून आपली पत्रं वेगळी काढतो. आपला फॉर्म त्याला लाल अक्षरांत सांगतो, पत्ता चुकीचा आहे. तो तक्रार करत बसत नाही, निघून जातो.

मग कुणीतरी म्हणतं, नियमच पाळू या. नियम आहे ना, 2008चा आरएफसी 5322, म्हणजे इंटरनेटच्या मानकांपैकी ईमेलचा मजकूर कसा असावा ते सांगणारा दस्तऐवज. त्यात अवतरणचिन्हांत टाकलं तर @च्या आधी स्पेससुद्धा चालते. कंसात शेरा चालतो, आणि त्या कंसात आणखी कंस. कितीही खोल गेलेले कंस जुळवणं शुद्ध रेग्युलर एक्स्प्रेशनला सिद्धांतानेच जमत नाही. याच्या आधीच्या आरएफसी 822साठी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एक रेगेक्स आहे, सहा हजारांहून जास्त अक्षरांचा. त्यालाही शेरे आधी काढून द्यावे लागतात! एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचं मानक लिहिणाऱ्यांनी तर सरळ लिहून टाकलंय की इथे आम्ही हा नियम जाणूनबुजून मोडतो. मला त्यांचं पटतं.

आता आपल्या जवळचं. डॉट भारत आहे, आणि देवनागरी पत्त्यांची सोय मानकात 2012पासून आहे. एखादा उत्साही प्रोग्रामर ए ते झेड काढून ‘युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातलं) कुठलंही अक्षर’ असं लिहितो आणि शरद, कमल टाकून बघतो. चाललं! मग वैशाली येते आणि अडते. कारण युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीतच. ती चिन्हं, त्यांचा वर्ग वेगळा. तोही पॅटर्नमध्ये घालावा लागतो. चाचणीला नेहमी जोडाक्षराचं नाव घ्या.

पॅटर्नमध्ये पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती ठेवलीत, तर पत्ता न जुळल्यावर रेगेक्स चालवणारं इंजिन मागे येऊन सगळ्या वाटा चाचपतं. दर अक्षरामागे काम दुप्पट, तिसाव्या अक्षराला अब्जाच्या वर. 20 जुलै 2016ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट अर्धा तास बंद पडलं, ते नुसत्या स्पेस छाटणाऱ्या रेगेक्सपायी. तिथे काम दुपटीने वाढत नव्हतं, तरी ही गत.

मी काय करतो? @ आहे, दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, लांबी 254 अक्षरांच्या आत आहे, एवढंच बघतो. पत्ता खरा की खोटा, ते पडताळणीची लिंक पाठवल्यावरच कळतं. राहिली टायपिंगची चूक. जीमेलच्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटी पडली, तरी आकार बरोबरच असतो, रेगेक्स ते सोडतोच. तिथे ‘जीमेल म्हणायचंय का?’ एवढं विचारावं. आपण होऊन दुरुस्त करू नये, आणि ‘नाही, हाच बरोबर’ म्हणणाऱ्याला पुढे जाऊ द्यावं.