रंगखात्यातून निघालेलं खातं

नमस्कार मंडळी, काय, जेवणं झाली का? नसतील झाली तर रेडिओ स्वयंपाकघरात घेऊन जा, कारण आजची गोष्ट तशीही कढया, पातेली आणि उकळण्याचीच आहे.

माझे आजोबा गिरणीत रंगखात्यात होते. साडी घ्यायला दुकानात गेले की आधी रुमालाचा कोपरा ओला करायचे आणि पदरावर खसाखसा घासायचे, दुकानदार बघत राहायचा, आजी लाजेने अर्धी व्हायची. रुमालावर रंग उतरला की साडी परत. आम्हाला वाटायचं म्हातारा विक्षिप्त आहे. नंतर कळलं की रंग पक्का आहे की नाही हे तपासायचं एक अख्खं शास्त्र असतं, आणि ते शिकवायला मुंबई युनिव्हर्सिटीने एक खातंच उघडलं होतं. खातं म्हणजे डिपार्टमेंट हो, गिरणगावात साचेखातं, रंगखातं असंच म्हणायचे.

त्या खात्याचं नाव यूडीसीटी, म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. माटुंग्याला वीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अगदी शेजारी. आता बोर्डावर आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे, पण तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा, तो यूडीसीटीच म्हणणार.

आता बघा, सूत काततील, कापड विणतील, पण मागावरून जे उतरतं ते मांजरपाट, मळकट पिवळट. त्याला ब्लीच करा, रंगवा, छापा, तेव्हा कुठे ते बाजारात चालतं. आणि रंग यायचे कुठून, तर जर्मनीहून. निळीचंच घ्या ना, शेतात पिकणारी नीळ, पण जर्मन कंपनीने १८९७ साली कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. मग १९१४ ला महायुद्ध लागलं, जर्मन रंगांची बोट यायची बंद, भाव आभाळाला. गिरण्या आपल्या, कापूस आपला, कामगार आपले आणि रंगासाठी तोंड युरोपकडे, ही गोष्ट तेव्हा चांगलीच झोंबली.

तरी खातं सुरू व्हायला १ ऑक्टोबर १९३३ उजाडला. युनिव्हर्सिटीचं मुख्य काम तोवर परीक्षा घेणं आणि पदव्या देणं, शिकवायचं ते कॉलेजांनी. इथे मात्र ती स्वतः शिकवायला उतरली. सुरुवातीला विषय दोनच, टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग. मला ही जोडी फार आवडते, कारण रंग कसा चढतो हे एकाने सांगायचं आणि हजारो वार कापडावर तो सारखा कसा चढवायचा हे दुसऱ्याने. निळीचा रंग कापडावर चढतो कसा माहितीय? नीळ पाण्यात विरघळतच नाही, आधी रसायनं घालून तिला विरघळणाऱ्या रूपात आणायचं, ते पिवळट हिरवं पाणी धाग्यात शिरतं, आणि कापड बाहेर काढून हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं आणि आत अडकून बसतं. बादलीत हे कोणीही करेल, पण मोठ्या टाकीत करायचं तर उष्णता, हवा, वेळ सगळ्याचा हिशेब लागतो, तिथे इंजिनिअर लागतो.

पहिले प्रमुख फॉर्स्टर नावाचे साहेब. १९३८ मध्ये के. व्यंकटरामन आले, पहिले भारतीय प्रमुख, रंगरसायनातला जगभर मानला गेलेला माणूस. त्यांच्याच काळात, १९४३ ला, बिऱ्हाड माटुंग्याला हललं. पुढे १९५७ ला ते पुण्याला पाषाणच्या एनसीएलचे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्यानंतर तिथे बी. डी. टिळक, म्हणजे व्यंकटरामन यांचेच विद्यार्थी. आणि १९८९ ला रघुनाथ माशेलकर, तेही माटुंग्याचेच. पुणेकरांनो, रागावू नका, पण एका प्रयोगशाळेला किमान तीन संचालक मुंबईच्या एका खात्याने दिले, नोंद असू द्या.

माशेलकरांचे गुरू म्हणजे मनमोहन शर्मा, जोधपूरचे. यूडीसीटीत शिकले, केंब्रिजला पीएचडी केली, आणि १९६४ मध्ये परत येऊन सत्ताविसाव्या वर्षी इथेच प्रोफेसर झाले. सत्ताविसाव्या वर्षी आपण काय करत होतो, असो. त्यांचं काम वायू द्रवात किती वेगाने शिरतो यावर. सोड्याच्या बाटलीतून बुडबुडे बाहेर येतात ना, त्याच्या उलटा प्रकार. खत, औषध, रंग, बहुतेक सगळ्या कारखान्यांत कुठेतरी वायू आणि द्रवाची ही गाठ पडतेच. १९९० ला ते रॉयल सोसायटीचे, म्हणजे ब्रिटनच्या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर. गोव्यातल्या माशेलचा, गिरगावात गरिबीत वाढलेला मुलगा, म्हणजे माशेलकर, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे गणपती यादव, दोघांनी त्यांच्याच हाताखाली पीएचडी केली. यादव पुढे या संस्थेचे पहिले कुलगुरू झाले.

कारखानदारही किती निघाले बघा. डॉ. रेड्डीजवाले अंजी रेड्डी इथे औषधांची टेक्नॉलॉजी शिकले. कोकणात लोट्याला मोठा कारखाना काढणारे केकी घरडा इथलेच, आणि मुकेश अंबानीही. कारण खातं फक्त कापडावर थांबलं नाही, तेलं, औषधं, प्लास्टिक, खाद्यपदार्थ, पेंट असं एकेक जोडत गेलं. हे झालं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करून अंगावर काटा येतो, कारण जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून गेल्याच. आजोबांच्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे.

२००२ ला नाव बदलून यूआयसीटी झालं, म्हणजे डिपार्टमेंटचं इन्स्टिट्यूट, २००८ ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे खातं स्वतःच युनिव्हर्सिटी झालं. आता जालन्यालाही कॅम्पस आहे.

आणि टेक्स्टाइलचा विभाग? तो अजून आहे बरं का. धागे रंगवणं, रंगाचा पक्केपणा तपासणं आजही शिकवतात. तिथे एक मशीन असतं, त्याला पांढऱ्या फडक्याचा तुकडा लावतात, कधी कोरडा कधी ओला, आणि ते रंगीत कापडावर ठरलेल्या दाबाने पुढेमागे घासतं, मग फडक्यावर किती रंग उतरला ते बघायचं. आजोबा रुमालाने करायचे तेच.

चला, बातम्यांची वेळ झाली.