औषधाचा धागा

मंडळी, येवल्याची पैठणी आपल्याच जिल्ह्यातली. रेशमाची बारकाई मी नाशिककरांना काय सांगावी! तरी एक आकडा सांगतो. रेशमाचा एकेरी तंतू साधारण 10 ते 15 मायक्रोमीटर जाड असतो. आज ज्या धाग्याबद्दल बोलायचंय, तो अर्ध्या मायक्रोमीटरचा, म्हणजे 500 नॅनोमीटरचा. कधी त्याहूनही बारीक. आणि त्याच्या पोटात औषध असतं.

हा धागा काढायच्या पद्धतीला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, द्रावण भरायचं आणि औषध त्यातच मिसळायचं. सुईला 10 ते 20 किलोव्होल्टचा विद्युतदाब द्यायचा. समोर वीतभर अंतरावर अर्थिंग केलेला धातूचा पत्रा. सुईच्या टोकावरचा थेंब एरवी गोल असतो; दाब चढला की तो ओढला जाऊन त्याचा शंकू होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी 1964 साली या शंकूचं गणित मांडलं. शंकूच्या टोकातून धार सुटते, थोडी सरळ जाते, आणि मग खरी गंमत सुरू होते. धारेवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना ढकलू लागतात, धार गिरक्या घेत ताणली जाते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर पांढरी चटई साचते. पावसाळ्यात त्र्यंबकचे ढग इकडे उतरले की खोलीतली आर्द्रता आवरावी लागते. नाहीतर धागे नीट वाळत नाहीत, एकमेकांना चिकटतात.

ही कल्पना जुनीच आहे. अँटन फॉर्महाल्स यांना 1934 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, तेही कापडधंद्यासाठी. औषधाचा विचार फार उशिरा आला. टेट्रासायक्लिन घातलेल्या अशा चटईवरचं काम 2002 साली प्रसिद्ध झालं.

आता थोडा हिशेब करू. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, हे शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर. त्याच्या एका ग्रॅमचा 500 नॅनोमीटर जाडीचा धागा काढला, तर लांबी भरते सुमारे 4,400 किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी संपून वर उरेल! आणि पृष्ठभाग? जवळजवळ 7 चौरस मीटर, एका ग्रॅमला. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांना हे वरदानच. धागा इतक्या झटपट वाळतो की औषधाला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही, आणि स्फटिक नसलेलं औषध लवकर विरघळतं.

पण माझ्या मते या विषयाचं दुखणंही नेमकं इथेच आहे. एवढा पृष्ठभाग म्हणजे औषधाला बाहेर पडायला तेवढीच दारं. बरंचसं औषध धाग्याच्या वरच्या थरात जमतं आणि पाणी लागताच पहिल्या काही तासांतच सुटतं. आपल्याला हवं असतं आठवडाभर, मिळतं एका दिवसात. मधुमेहाच्या पायावरच्या जखमेत सुरुवातीला प्रतिजैविकाचा जोरदार मारा चालेल, हवाच असतो. पण गाठ काढल्यावर त्या जागी कर्करोगाचं औषध ठेवायचं असेल, तर ते एकदम सुटून कसं चालेल?

यावर चांगला उपाय म्हणजे सुईत सुई. आतल्या सुईतून औषध, बाहेरच्या सुईतून पॉलिमर. धागा निघतो तोच कवच घेऊन. मग कवचाची जाडी आणि जात ठरवायची. पीएलजीए हे शरीरात झिजणारं दुसरं पॉलिमर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत झिजतं, पीसीएल दोन वर्षंही टिकतं.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली: एवढं चांगलं आहे, तर मेडिकलमध्ये का दिसत नाही? काका, एका सुईतून तासाला साधारण 1 मिलिलिटर द्रावण जातं. त्यात दहा टक्के पॉलिमर धरलं, तर तासाला 0.1 ग्रॅम धागा. चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सला बिनसुईची यंत्रं निघाली, तिथे फिरत्या रुळावरून किंवा तारेवरून शेकडो धारा एकदम सुटतात. त्यामुळे वेगाचं कोडं बरंचसं सुटलं. पुढचं जास्त किचकट आहे. द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म वापरला असेल, तर तो औषधात दशलक्ष भागांत 60 भागांच्या वर उरता कामा नये. शिवाय चटई निर्जंतुक करायची कशी? ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, चालतो 121 अंशांवर, आणि पीसीएल 60 अंशांच्या आसपासच वितळतं. म्हणून गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वायू वापरायचा. गॅमाने पॉलिमरच्या साखळ्या तुटू शकतात, म्हणजे धागा किती दिवसांत झिजेल तो हिशेब पुन्हा मांडा. वायू वापरला तर चटईत त्याचा अंश राहिला नाही ना, हे तपासत बसा.