पूर्ण चित्रातलं अपुरं भान
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी गेलात, तर त्याच्या जेवणाच्या ताटाकडे बघा. आपल्याकडे डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात आणि उजवीकडे भाजी. भाजी संपलेली आणि डावी बाजू जशीच्या तशी असेल, तर घरचे म्हणतात, "तोंडाला चव नाही त्यांच्या." ताट नुसतं फिरवून ठेवा. मघाचीच कोशिंबीर ते खाऊ लागतील.

याला नेग्लेक्ट म्हणतात. नजर शाबूत असू शकते, पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यामुळे डाव्या बाजूची दखलच घेतली जात नाही. आठवणीतलीसुद्धा! बिसियाक आणि लुझाती या इटालियन संशोधकांनी १९७८ साली मिलानच्या रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलचा चौक मनाने बघायला लावला. एका टोकाला उभे आहोत असं समजून त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. विरुद्ध टोकाला 'उभं' केल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि आधीच्या गळाल्या. असा रुग्ण मनाने पुण्यातल्या अलका टॉकीजकडून बेलबाग चौकात आला, तर त्याला उजवीकडची मंडई आठवेल, डावीकडचा दगडूशेठ गणपती नाही. समोरून, सिटी पोस्टाकडून आणा, म्हणजे उलटं.

हे ओळखायला कागद-पेन्सिलच्या चाचण्या आहेत. घड्याळ काढा, फूल बघून काढा, कागदभर विखुरलेल्या लहान ताऱ्यांवर काट मारा. मग सुटलेले तारे मोजतात. पण सौम्य नेग्लेक्ट असलेला माणूस शांत खोलीत, सावकाश, सगळे तारे शोधून काढू शकतो. कागदावर तो पास!

तोच कागद डिजिटायझर टॅब्लेटवर ठेवला, की पेन कुठे आहे हे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा नोंदवलं जातं. पेन किंचित उचललेलं असतानाही. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे. डावीकडून उजवीकडे वाचणारे आपण बहुतेक जण वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. हा रुग्ण उजवीकडून करतो. काट मारलेल्या ताऱ्यांकडे परत येतो, डावीकडे जाताना पेन हवेत रेंगाळतं. तयार कागदावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते.

मात्र निदान माणसानेच करावं. हात अशक्त आहे, दृष्टिक्षेत्रच अर्धं गेलंय, की आजींनी कित्येक वर्षांत पेन धरलेलं नाही, हे रुग्णाशेजारी बसलेल्या थेरपिस्टलाच कळतं.

एवढा आग्रह कशासाठी? आपल्याकडे रस्ता ओलांडताना दुभाजकापर्यंत वाहनं उजवीकडून येतात, पुढे डावीकडून. चाचणीत पास होऊन घरी आलेला माणूस सिंहगड रोडच्या त्या दुसऱ्या अर्ध्यात कसा जाईल, याचा विचार डिस्चार्जच्या आधी व्हायला हवा. टॅब्लेट नसेल, तर थेरपिस्टनी चाचणी चालू असताना ठरावीक वेळाने रुग्णाच्या हातातली पेन्सिल बदलावी: आधी लाल, मग निळी, मग हिरवी. कुठून सुरुवात झाली आणि डावीकडे किती उशिरा पोचले, एवढं तरी रंगांवरून कळेल.