निर्णयाचा हीट नंबर

[दृश्य : मुंढवा. फोर्जिंग शॉप. भट्टीतून बाहेर येणारा तापलेला गट.]

निवेदन :

भट्टीतून निघालेला हा पोलादी गट साधारण बाराशे अंशांवर आहे. प्रेसखाली त्याचा क्रँकशाफ्ट होईल. मग कडा छाटायच्या, हीट ट्रीटमेंट, शॉट ब्लास्टिंग, तपासणी.

जरा जवळ जाऊ. शाफ्टच्या अंगावर ही अक्षरं आणि आकडे ठोकलेत ना, त्याला कारखान्यात हीट नंबर म्हणतात. स्टील कुठल्या ओतीचं, ते यावरून कळतं. पाच वर्षांनी एखाद्या ट्रकचा शाफ्ट भर घाटात मोडला, तर हा नंबर हातात घेऊन माणसं उलटी चालत येतात. कुठला लॉट, कुठली शिफ्ट, कुठली डाय (साचा), तपासणीच्या कागदावर सही कोणाची. ही वाट शेवटी कोणाच्या तरी टेबलापाशी येतेच. पुण्याच्या कारखानदारीत जबाबदारी म्हणजे हे असं, पोलादावर ठोकलेलं काम.

आजची गोष्ट दुसऱ्या मालाची आहे. संगणकाने दिलेल्या निर्णयांची, आणि तीही दोन देशांत पसरलेल्या कंपनीतली. त्या मालावर नंबर कुठे ठोकायचा, यावरच सध्या वाद चालू आहे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. नकाशावर पुणे, मग युरोप.]

परदेशातल्या कंपन्या विकत घेणं पुण्याला नवं नाही. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतल्या एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतला लान्सिंगचा कारखाना आणि स्वीडनमधला एक. थरमॅक्सने २०१० मध्ये डेन्मार्कची डॅनस्टोकर घेतली, सीरम इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये नेदरलँड्समधली बिल्टहोवन बायोलॉजिकल्स. हिंजवडीच्या केपीआयटीने २०२२ मध्ये म्युनिकची टेक्निका इंजिनिअरिंग. यादी लांबवता येईल, पण याद्यांमधून फार काही कळत नाही.

भारत फोर्जचं धोरण होतं की एकच भाग दोन देशांतल्या कारखान्यांत बनवता आला पाहिजे. म्हणजे ड्रॉइंग जुळायला हवं, डाय जुळायला हवी, तपासणीचे निकष जुळायला हवेत. काम जिकिरीचं खरं, पण मोजता येणारं. मायक्रोमीटरला जर्मन येत नाही आणि मराठीही येत नाही.

सगळ्यांचंच इतकं सरळ गेलं नाही.

[दृश्य : हडपसर. सुझलॉनचं आवार. पवनचक्कीचं पातं.]

सुझलॉनने २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी बोली लावून जर्मनीची रीपॉवर ही पवनचक्की बनवणारी कंपनी मिळवली. पुण्यात केवढं कौतुक झालं होतं! पण रीपॉवरमध्ये इतरही भागधारक होते, आणि जर्मन कायद्यात अशा छोट्या भागधारकांना चांगलंच संरक्षण आहे. मोठा मालक आला म्हणून कंपनीचं तंत्रज्ञान आणि तिच्या तिजोरीतला पैसा त्याच्याकडे आपसूक जात नाही. सगळे शेअर सुझलॉनच्या हातात यायला २०११ उजाडलं. तोवर जगभरातलं मंदीचं वारं आणि कर्जाचा डोंगर. २०१२ मध्ये सुझलॉनला परदेशी रोख्यांची परतफेड जमली नाही, आणि २०१५ मध्ये तीच कंपनी, तोपर्यंत सेनव्हियॉन या नावाने, सुमारे १ अब्ज युरोंना विकावी लागली.

मालक कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हुकूम कोणाचा चालतो, याचं उत्तर मात्र चार वर्षं वेगळंच होतं. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात ठेवायला हवं.

[दृश्य : इंग्लंडमधलं खेडं. छोटं पोस्ट ऑफिस, शेजारी किराणा.]

थोडं पुण्याबाहेर जाऊ. ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्टं खाजगी माणसं कंत्राटावर चालवतात, बरेचदा दुकानाला जोडून. १९९९ पासून या पोस्टांमध्ये होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती बनवली होती आयसीएल या ब्रिटिश कंपनीने. त्या कंपनीचे ८० टक्के शेअर जपानच्या फुजित्सूने १९९० मध्येच घेतले होते. २००२ मध्ये आयसीएल हे नावही गेलं. पाटी बदलली, सॉफ्टवेअर तेच राहिलं, त्यातल्या चुकाही त्याच.

होरायझनच्या हिशेबात पैसे कमी दिसायचे. पोस्ट चालवणारा माणूस संध्याकाळी नोटा मोजायचा, पुन्हा मोजायचा. पडदा म्हणायचा, इतके कमी आहेत. कंत्राटानुसार तूट त्यानेच भरायची. कोणी घर गहाण टाकलं, कोणी नातेवाइकांकडे हात पसरले. १९९९ ते २०१५ या काळात चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली. काही तुरुंगात गेली. मदतीसाठी फोन केला, की अनेकांना एकच उत्तर मिळायचं : अशी तक्रार करणारे तुम्हीच एकटे.

न्यायालयात हे टिकलं कसं? संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. ती अट ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने काढून टाकली. मग उलटं गृहीत धरलं जाऊ लागलं : यंत्र बरोबर आहे, तुम्ही चूक दाखवा. आणि ती दाखवायला लागणाऱ्या नोंदी होत्या पोस्टाकडे आणि फुजित्सूकडे. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता, हे बाहेर यायलाही बरीच वर्षं लागली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं सांगितलं. २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

होरायझनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. साधी बेरीज-वजाबाकी होती. तिथे पोस्ट प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवू शकलं, आणि त्या कंपनीची मूळ कंपनी समुद्रापार. बेरजेची ही कथा, मग जिथे यंत्र असं का म्हणालं हे बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, तिथे काय होईल?

[दृश्य : हिंजवडी. सकाळची वाहनांची रांग. काचेच्या इमारती. बैठकीची खोली.]

कंपनीचं नाव घ्यायचं नाही, या अटीवर आम्हाला इथे आत येऊ दिलं. पुण्यातली अभियांत्रिकी सेवा देणारी कंपनी. तिने जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातली एक छोटी कंपनी विकत घेतली आहे. उन्हाळ्यात जर्मनीतले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेबारा. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे जातात आणि बैठक दीडला, ऐन डब्याच्या वेळी येते. टेबलावर लॅपटॉपशेजारी डबे ठेवलेले आहेत. उघडलेला एकही नाही.

ही बैठक विलीनीकरणाची. पगाराची प्रणाली जुळली, ईमेल जुळले, ओळखपत्रं झाली. आजचा विषय आहे कर्मचाऱ्यांची कामगिरी मोजणारा एक कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर. मुळातलं भाषा-मॉडेल अमेरिकन कंपनीचं. त्यावर पुण्यातल्या टीमने कंपनीचा स्वतःचा डेटा वापरून काम केलं. वापर होणार बव्हेरियात.

[दृश्य : पडद्याचा जवळून शॉट. नावं झाकलेली.]

पडदा बघा. डावीकडे नाव, मग निर्देशांक, मग शिफारस. या ओळीतल्या इंजिनिअरबाईंचा आकडा खाली गेलाय आणि शिफारशीत लिहिलंय, 'बढतीसाठी विचार नको'. कारण शोधायला पुण्यातल्या टीमला दोन दिवस खोदावं लागलं. बाई आठवड्याला तीस तास काम करतात. कार्यक्रम महिन्याला किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, बंद केली ते मोजतो. तास तो बघतच नाही.

चूक सापडली, दुरुस्त होईल. पण ती कोणाची, यावर खोलीत जे घडलं ते ऐकण्यासारखं होतं. पुण्याची डेटा टीम म्हणाली, मॉडेल बाहेरचं आहे, आम्ही फक्त बसवून दिलं. बाहेरच्या कंपनीच्या अटींत लिहिलंय की अशा कामासाठी वापरलंत तर तुमचं तुम्ही बघा. बव्हेरियाचा एचआर म्हणाला, हे मुख्यालयातून आलं. आणि मुख्यालयाचा एचआर म्हणाला, ही नुसती शिफारस आहे हो, निर्णय माणूसच घेतो.

सगळेच खरं बोलत होते.

आता तो निर्णय घेणारा माणूस काय बघतो? त्याच पडद्यावर उजवीकडे दोन बटणं. 'मान्य' हिरवं, मोठं, एका क्लिकचं. 'अमान्य' करड्या रंगाचं, आणि दाबलं की तीन चौकटी उघडतात : कारण लिहा, पुरावा जोडा, वरिष्ठांचा ईमेल द्या. संध्याकाळी सहा वाजता, पन्नासावं नाव समोर असताना, माणूस कुठलं बटण दाबेल? यालाच कागदोपत्री मानवी देखरेख म्हणतात.

[दृश्य : जर्मनीतली कचेरी. नोटीस बोर्ड.]

जर्मनीत मात्र एक जास्तीची खुर्ची असते. पाच किंवा जास्त कर्मचारी असले की तिथे कामगारांना स्वतःचं निवडून दिलेलं मंडळ स्थापता येतं, बेट्रिब्सराट. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवणारी कुठलीही तांत्रिक यंत्रणा आणायची, तर या मंडळाची संमती लागते. हा नियम १९७२ च्या कायद्यातला, म्हणजे संगणक खोलीएवढा असतानाचा. २०२१ च्या दुरुस्तीने कृत्रिम बुद्धिमत्ता तपासायला मंडळाला तज्ज्ञ बोलावणं सोपं झालं, खर्च कंपनीचा.

पुण्यातल्या काही मंडळींना हे लोढणं वाटतं. 'तिथे प्रत्येक गोष्टीला मीटिंग', असं बैठकीनंतर लिफ्टमध्ये कानावर आलंच. मला तसं वाटत नाही. या सगळ्यात तीस तासांचा प्रश्न विचारला तो फक्त या मंडळाने. घाई असलेल्या कोणालाही तो सुचला नव्हता.

वर युरोपचा कायदाही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेला युरोपीय संघाचा एआय कायदा भरती, बढती, काढून टाकणं, कामाचं वाटप आणि कामगिरीचं मोजमाप यांत वापरली जाणारी प्रणाली अति-जोखमीची मानतो. कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रं तर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदच. अति-जोखमीच्या प्रणालींचे नियम मूळ वेळापत्रकात ऑगस्ट २०२६ चे. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच ते पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडला.

पुण्याच्या दृष्टीने या कायद्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. कार्यक्रम पुण्यात चालत असला तरी त्याचं उत्तर युरोपात वापरलं जात असेल, तर कायदा लागू होतो. आणि दुसऱ्याच्या अति-जोखमीच्या प्रणालीवर तुम्ही आपलं नाव लावलंत, किंवा तिच्यात मोठा बदल केलात, तर तुम्ही नुसते वापरणारे उरत नाही. बनवणाऱ्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येते. 'आम्ही फक्त बसवून दिलं' हे वाक्य त्यामुळे वकिलाला विचारूनच म्हणावं.

[दृश्य : पुणे. विद्यापीठ चौक, संध्याकाळ.]

आपल्याकडे काय आहे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच महिन्यात केंद्राने एआयच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. वेगळा कायदा आत्ता नको, आहेत ते कायदे वापरू, असा त्यांचा सूर. म्हणून गंमत अशी की हिंजवडीतला इंजिनिअर एआयच्या जबाबदारीचा कायदा पहिल्यांदा भेटतो तो बव्हेरियाच्या वाटेने. आणि त्याच कंपनीतल्या पुण्याच्या कर्मचाऱ्यांना तोच कार्यक्रम सहा महिन्यांपासून आकडे देतोय. तीस तास काम करणारं कोणी इथे आहे का, हे बैठकीत कोणी विचारलं नाही.

यंत्राकडे बोट दाखवणं चालत नाही, हे कॅनडात एका लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगून टाकलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीचा बचाव काय, तर चॅटबॉट ही स्वतंत्र संस्था आहे, तिचं ती बघेल. लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

[दृश्य : पुन्हा बैठकीची खोली. भिंतीवर विलीनीकरणाचा तक्ता.]

हा विलीनीकरणाचा तक्ता. दोनशेच्या वर ओळी. प्रत्येक ओळीसमोर जबाबदार व्यक्तीचं नाव : पगार, विमा, कॅन्टीनचं कंत्राट, अगदी पार्किंगसुद्धा. कामगिरी मोजणाऱ्या कार्यक्रमासमोर इतके दिवस लिहिलं होतं, 'दोन्ही टीम'. म्हणजे कोणीच नाही.

मंडळाने आग्रह धरल्यावर तिथे नाव आलं. डेटा टीममधली एक ज्येष्ठ इंजिनिअर. तिने सही करण्याआधी दोन गोष्टी मागितल्या. एक, शंका आली तर कोणाला न विचारता कार्यक्रम बंद करायचा अधिकार. दोन, प्रत्येक नोंद तपासायला पुरेल इतका वेळ, म्हणजे तिच्या सध्याच्या कामातून दोन दिवस मोकळे. युरोपचा कायदाही देखरेख करणाऱ्याकडे अधिकार, प्रशिक्षण आणि पाठबळ हवं असंच म्हणतो, त्यामुळे मागणी काही जगावेगळी नाही.

पहिली मागणी मान्य झाली. 'अमान्य' बटणामागच्या तीन चौकटींची एक चौकट झाली, आणि 'मान्य'लाही कारण लिहायची सक्ती आली. नोंदी जपून ठेवायचं ठरलं. दोन दिवसांच्या मागणीवर उत्तर आलंय, की पुढच्या तिमाहीच्या बजेटमध्ये बघू. तक्त्यात तिच्या नावासमोर सहीची जागा रिकामी आहे, आणि तोवर कार्यक्रम बव्हेरियात सुरू करायला मंडळाने नकार दिला आहे. पुण्यात तो चालू आहे.