कोवळी कुत्री आणि उसातलं डुक्कर

श्रोतेहो, नमस्कार.

उसाची तोड सुरू झालीय. खानापूर, जांबोटी, कणकुंबीपासून बेळगावच्या पश्चिमेकडच्या रताळ्याच्या पट्ट्यापर्यंत माणसं रात्री शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, जागी आहेत. एका रात्रीत डुकरांचा कळप रताळ्याच्या सऱ्या कशा उलथून टाकतो, ते तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचंय ते राखणीसाठी पाळलेल्या कोवळ्या कुत्र्यांबद्दल, म्हणजे चार महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. राखणीच्या कुत्र्यानं भुंकायचं. चावायचं नाही. भुंकायचं, आणि बांध ओलांडायचा नाही.

पूर्वी गावंच्या गावं पारधीला निघत. आता ते दिवस गेले. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. कुत्री घालून डुक्कर धरणं ही शिकारच, आणि मारण्यासाठी त्याला हाकणं हीसुद्धा शिकारच. पण जुन्या शिकाऱ्यांची कुत्र्याची पारख फुकट घालवायचं कारण नाही. ते कुत्री तीन तऱ्हेची मानत. नाकाचं कुत्रं, तोंडाचं कुत्रं आणि दाताचं कुत्रं. नाकाचं हुडकतं, तोंडाचं भुंकून थोपवतं, दाताचं जाऊन धरतं. राखणीला पहिली दोन हवीत. दाताचं पिल्लू गळ्यात घेऊ नका, ते डुकराच्या आधी शेजाऱ्याची शेळी धरतं.

आणि हो, मुधोळ. हल्ली ज्याला त्याला मुधोळच हवं. कुत्रं देखणं, २००५ साली टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीट काढलं, सगळं मान्य. पण ते नजरेनं पळणारं कुत्रं आहे, मोकळ्या माळावर सशामागं सुटावं ते त्यानंच. उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही, तिथं त्याची नजर काय कामाची? त्यात कातडी पातळ. आपल्या गल्लीतलं गावठी पिल्लू, जाड केसांचं, जरा संशयी स्वभावाचं, या कामाला सरस. पैसे वाचतील ते वेगळेच.

आता एक गोष्ट ऐका. खानापूर तालुक्यातल्या एका शिवारातली. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं ऐकत असतील.

दोन एकर ऊस. मालकानं एकाच कुत्रीची पाच पिल्लं पाळलेली, सगळी दहा महिन्यांची. दोन तांबडी, दोन पांढरी, आणि एक बारकी काळी कुत्री. तोडणीची टोळी आली बैलगाड्या घेऊन. गाड्या वळवायला सोपं जावं म्हणून तोड एका अंगानं न करता चारी बाजूंनी झाली. दुपारपर्यंत मध्ये पाच-सहा गुंठ्यांचं बेट उरलं, भोवती नुसतं पाचट. टोळीबरोबर गाडीखालून चालत आलेली एक म्हातारी कुत्री होती, एक कान फाटलेला. ती उठली, बेटापासून वीस पावलांवर जाऊन बसली आणि एका लयीत भुंकायला लागली. मुकादमानं कोयते थांबवले, पोरंबाळं गाड्यांवर चढवली. म्हणाला, "मालक, आत डुक्कर हाय. रानाकडच्या अंगाला कुणी थांबू नगा, त्याला जाऊ द्या."

मालक म्हणाला, "कशाला भिताय वो? पाच हाईत की माझी."

आणि सोडली पाचही.

पहिल्यांदा पाच आवाज आले. वाढं हललं. मग तीन आवाज. मग एक किंकाळी, आणि मग काहीच नाही. आत काय झालं असेल ते सांगतो. डुक्कर पळालंच नाही. पळणार कुठं? चारी बाजूंना उघडं पाचट, माणसं, गाड्या. त्यानं उसाच्या दाट ठोंबाला पाठ लावली आणि तोंड पुढं करून उभं राहिलं. पुढचं तांबडं सरळ समोरून गेलं. मागून भावंडं रेटतायत, त्याला मागं सरकायला जागा नाही. डुकराचा नर खालून वर मारतो. मुंडी खाली घालायची आणि झटक्यात उचलायची, एवढंच. खालचे सुळे वरच्यांवर घासून धारेला लागलेले असतात. तांबड्याची मांडी पोटापर्यंत उघडली. पांढऱ्याच्या छातीत सुळा गेला. दुसरं पांढरं शेपूट घालून जे सुटलं ते थेट घरच्या गोठ्यात. दुसरं तांबडं लंगडत बाहेर आलं.

आणि काळी? ती मुळात मागं राहणारी, म्हणून वाचली. बाहेर येऊन म्हातारीच्या शेजारी बसली. थोडा वेळ नुसती बघत होती. मग तिच्याबरोबर भुंकायला लागली.

तोवर माणसं रानाकडच्या अंगानं बाजूला झाली होती. थोड्या वेळानं नर बाहेर पडला, म्हातारीपासून दहा हातांवरून गेला. म्हातारीनं सरकून वाट दिली आणि मागून भुंकत बांधापर्यंत गेली. बांधावर थांबली. काळीही थांबली.

छातीत लागलेलं पांढरं डॉक्टरपर्यंत पोचलं नाही. तांबड्याला टाके पडले, जगलं. पुढं राखण केली ती काळीनं. मालकानं म्हातारीची किंमत विचारली, तर मुकादम म्हणाला, "मग आमची बैलं कोण राखंल?"

यातून घ्यायचं ते थोडक्यात सांगतो, कारण वेळ बराच गेला. एकाच वयाची भावंडं एकत्र सोडू नका. एकमेकांच्या जोरावर ती नको तेवढी धीट होतात, आणि मागं फिरायला शिकवणारं कुणी नसतं. दोन कोवळ्यांमागं एक जाणतं कुत्रं हवं. उभ्या उसात कुत्रं घालू नका. आणि तोड रस्त्याकडून रानाकडं करत न्या, रानाची बाजू मोकळी ठेवा. पुन्हा सांगतो, रानाची बाजू मोकळी ठेवा.

शिकवण चार महिन्यांपासून सुरू करा. शिट्टी वाजवली की भाकरी, रोज, न चुकता. दहा मीटरच्या दोरीवर शेळ्या-कोंबड्यांतून फिरवा. सकाळी डुकरानं उकरलेल्या ताज्या मातीवर, चिखलातल्या लोळणीवर नाक लावू द्या, भुंकलं की शाबासकी. बांध ओलांडला की दोरी ओढून मागं. वर्ष भरेपर्यंत रात्री मोकळं सोडायचं नाही. बसवायची जागा माळ्याजवळ, बांधाच्या आत. निवळ रात्री डोंगरावरची गार हवा खाली शिवाराकडे उतरते, वास आपोआप कुत्र्याकडे येतो. रानाच्या कडेला साखळीनं एकटं बांधू नका, बिबट्याला आयतं सापडतं. धनगर कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगीच नाही.

आणि कुंपणात घरची वीज सोडणारे, पिठात स्फोटाची दारू भरून गोळे ठेवणारे, त्यांच्याबद्दल मी सभ्य भाषेत बोलू शकत नाही. त्यात गाई मरतात, माणसं मरतात, आणि सगळ्यांत आधी आपलंच कुत्रं मरतं.

सुळ्याची जखम बऱ्याचदा वरून बारीक आणि आत खोल असते. रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून दहा मिनिटं सोडायचं नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं दीड चमचा मीठ, त्यानं धुवा. हळद, राख, रॉकेल काही नको. आतडी बाहेर आली असतील तर आत ढकलू नका, त्याच मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं झाकून सैल बांधा आणि डॉक्टर गाठा. माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका, क्रोसिनसुद्धा नाही. जखम लहान दिसली तरी दाखवा, आत घाण गेलेली असते. रेबीजची लस दरवर्षी, हे तुम्ही करताच.

पीक गेलंच तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. नुकसान दिसलं त्याच सकाळी फोटो काढा, दव सुकायच्या आत, खुरांचे ठसे स्पष्ट असताना. ठशाच्या शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. मागच्या दोन बारक्या खुरांची खूण मऊ चिखलात उमटते, तिचाही एक फोटो घ्या. जमिनीचा पहाणी उतारा आणि बँकेचं पासबुक बरोबर ठेवा. कागद कन्नडमध्ये असतात, तेव्हा घरातलं शाळेत जाणारं पोर सोबत न्या, ते चटकन वाचतं. आणि शेत नांगरून टाकायच्या आधी वनरक्षकाला पाहणीला बोलवा.

नमस्कार.